आधी की नंतर

"माझ्या घरात किती माणसं जेवतात ते तुला कशाला हवंय? वाढायला येणार आहेस का तू?"

गिरणी चालू असताना थोरल्या जाऊबाईंचा आवाज आतपर्यंत ऐकू आला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण पेटलंय. आमच्या ह्यांना हातानं खूण केली. त्यांनी गिरणी बंद केली, पट्टा फटफट करत थांबला, आणि मी हाताचं पीठ झटकत बाहेर आले.

अंगणात मोजणीबाई उभी. खांद्याला पिशवी, उन्हानं नाक सोललेलं, पायात शहरी बूट आणि त्या बुटांवर आमच्या गावचा लाल फुफाटा चढलेला. तिच्यासमोर जाऊबाई, हातात शेळीचं दावं. शेळीसुद्धा त्या बाईकडे वाकड्या मानेनं बघत होती.

"काकू, सगळ्यांनाच विचारते मी," मोजणीबाई म्हणाली. "घरात माणसं किती, काम काय करतात, कोणी बाहेरगावी गेलंय का. एवढंच."

"एवढंच कसं? आज माणसं विचारशील, उद्या शेळ्या विचारशील, परवा येऊन दाव्यासकट घेऊन जाशील."

"शेळ्यांचंही विचारायचंच होतं," ती बिचारी खरं बोलून गेली.

"बघ!" जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? आणि ही बया तू घरात ठेवून घेतलीस!"

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर ऐन उमेदीत गेले. तेव्हापासून त्यांनी शेळ्या राखल्या, टेकडीखालचा बटाट्याचा तुकडा एकटीनं कसला आणि एकुलती एक लेक वाढवली. बोलणं सगळं फटकळ. पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी त्याच बसल्या होत्या, हे मी विसरलेली नाही.

मोजणीबाईला मी घरात ठेवून घेतलं होतं हेही खरं. गिरणीला लागून रिकामी खोली होती. ही बाई सरकारच्या कुठल्याशा खात्याकडून आली होती. गावोगाव फिरायचं, घरोघर प्रश्न विचारायचे, आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडून लोक कसे जगतात, कुठं जातात, कशामुळं जातात ते वर कळवायचं, असं तिचं काम. मला तिनं ते दोनदा समजावून सांगितलं. मी मान हलवली, पण मनातून मलाही पटलं नव्हतं. कोणी उगाच येऊन आपली विचारपूस करतं का? आमच्या गावाची विचारपूस आजवर कोणी केली नव्हती. केली ती फक्त घेऊन जाणाऱ्यांनी.

त्या दिवशी जाऊबाई शेवटी बोलल्या, पण तुटक.

"मी एकटी. शेळ्या लिहायच्या तेवढ्या लिही."

"आणि मुलगी?"

"शहरात."

"काय करते?"

जाऊबाईंनी शेळीचं दावं हाताभोवती गुंडाळलं. "मोठ्या ऑफिसात आहे. खुर्चीवर बसायचं काम आहे तिचं."

"आणि गाव सोडलं ते कशासाठी?"

"चांगली नोकरी लागली म्हणून. दुसरं काय कारण असणार?"

मोजणीबाईनं लिहून घेतलं. मी मान खाली घालून अंगणातला कचरा बघत राहिले.

कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

आमची पुतणी बाजारगावच्या शेडमध्ये बटाटे निवडायला जायची. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. गावातल्या पुष्कळ पोरी जायच्या. गाडीत त्यांचा नुसता कलकलाट असायचा. मग सकाळची गाडी बंद झाली. का झाली ते कोणी सांगितलं नाही, नुसती यायची थांबली. पोरी काही दिवस टेकडी ओलांडून चालत गेल्या. हिवाळ्यात धुकं इतकं उतरायचं की हात पुढं केला तर बोटं दिसायची नाहीत. एका पहाटे आमच्या पोरीच्या मागं कोणीतरी चालत आलं. काही झालं नाही, पण ती धापा टाकत अर्ध्या वाटेतून परत आली. जाऊबाईंनी सांगून टाकलं, उद्यापासून जायचं नाही, शेळ्या सांभाळ. पोर म्हणाली, मी शेळ्यांमागं जन्म काढणार नाही. शब्दाला शब्द वाढला आणि जाऊबाईंचा हात उठला. तरण्याताठ्या पोरीला त्यांनी गल्लीत मारलं. दुसऱ्या दिवशी पोर गेली. शहरात परक्यांच्या घरी धुणीभांडी करते, असं लोहाराच्या बायकोनं कोणाकडून तरी ऐकून आणलं होतं. जाऊबाईंनी मात्र गावात ऑफिसाचं सांगितलं, आणि गावानंही मान डोलावली. कारण झाकायचं प्रत्येकाच्याच घरात काही ना काही होतं.

मोजणीबाई गावात फिरू लागली तसा गिरणीवर रोज दरबार भरायला लागला. दळणाचे डबे ओळीत लावायचे आणि तिच्याविषयी बोलत बसायचं.

गावाचे कारभारी एरवी दळणाला माणूस पाठवायचे, पण त्या आठवड्यात स्वतः आले. दारात उभं राहून आधी इकडं तिकडं बघितलं. "आहे का ती खोलीत?"

"वरच्या आळीला गेलीय," मी म्हटलं.

"मग ऐका सगळ्यांनी. ती काही विचारो, चांगलं तेच सांगायचं. आमचं उत्तम चाललंय, पोरं चांगल्या कामाला आहेत. गावाचं नाव वर गेलं पाहिजे."

लोहार पोत्यावर बसला होता. तो म्हणाला, "मी म्हणतो वाईट सांगा. आम्ही उपाशी मरतोय, म्हणावं. काही द्यायचं असलं तर रडणाऱ्याला देतात."

"आणि काही न्यायचं असलं तर?"

"न्यायला आहे काय आपल्याकडं?"

"जमीन आहे की." कारभाऱ्यांनी आवाज खाली आणला. "मला तर वाटतं कोणीतरी कंपनीवाला हिच्या पाठीमागं आहे. कुठलं घर रिकामं, कुठल्या घरात म्हातारंच उरलंय, हे कशाला हवं असतं? स्वस्तात जमिनी उचलायला."

 ज्यांच्या घरात म्हातारीच उरली होती त्यांनी आपापले डबे जवळ ओढून घेतले.

मग ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. कोणी शेतं कमी सांगितली, कोणी जनावरं लपवली. एका आजीनं तर मोजणीबाईला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं खोटं सांगितलं. मात्र एका बाबतीत सगळ्या गावाचं न ठरवता एकमत झालं. गाव सोडून गेलेल्यांचं कारण. पोरगा का गेला? चांगली नोकरी. सून-मुलगा का गेले? चांगली नोकरी. पोरगी का गेली? तेच. खुद्द कारभाऱ्यांनी आपल्या मुलाचा शहरात व्यापार आहे म्हणून सांगितलं.

मोजणीबाई एका संध्याकाळी माझ्याकडे जेवताना म्हणाली, "काकू, तुमच्या गावातली माणसं नशीबवान दिसतात. सगळ्यांनाच चांगली कामं मिळाली."

मी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

ती गेली. बटाटे निघाले, शेतं उघडी पडली, वारा सुटला. त्या वाऱ्यात आमच्याकडं माती उडते ती डोळ्यांत, दातांत, पिठात, सगळीकडं जाते. अशाच एका दिवशी संध्याकाळच्या गाडीचा चालक लोहाराला सांगून गेला, की आता ही गाडीही बंद होणार आहे. दोन दिवसांनी गाड्यांच्या खात्याचा साहेब स्वतः गावात आला. शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं.

साहेब तसा सभ्य माणूस. रागावून बोलला नाही. भिंतीवर त्यानं एक मोठा कागद लावला. त्यावर एक रेघ वरून खाली घसरत आलेली.

"ही तुमच्या गावातून गाडीनं जाणारी माणसं. बघा, दरवर्षी कमी होतायत. आता कमी का होतायत, ते आम्ही मनानं ठरवलेलं नाही. दुसऱ्या खात्यानं घरोघर जाऊन विचारलंय. गावातली तरुण माणसं चांगल्या नोकऱ्या लागून शहरात स्थायिक झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण मग रोज ये-जा करायला राहिलं कोण? मोकळी गाडी किती दिवस पळवायची?"

साहेबाच्या मागं, खिडकीशी, मोजणीबाई बसलेली होती. तिला बघताच खोलीत एकदम गलका उठला.

"हीच ती!"

"म्हटलं नव्हतं मी, ही काहीतरी न्यायला आलीय?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजले हिनं!" ही आमची शेजारीण.

मोजणीबाई उभी राहिली, काही बोलायला तोंड उघडलं, पण तिचं ऐकतंय कोण? साहेबानं हात वर केला. "ज्यांना हरकत आहे त्यांनी पुढच्या बाजारच्या दिवशी सांगावं. मी त्या दिवशी पुन्हा येणार आहे, शेवटचं ठरवायला."

मोजणीबाई त्या दिवशी साहेबाबरोबर परत गेली नाही. माझ्या दारात आली. "काकू, खोली आहे का रिकामी?" तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. पण त्या दिवशी गिरणीवर एकही दळण आलं नाही. पीठ संपलं तरी चालेल, त्या बाईच्या सावलीला जायचं नाही, असं गावानं ठरवलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊबाई आल्या. मोजणीबाई अंगणात तोंड धूत होती. जाऊबाई सरळ तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आमची गाडी खाल्लीस. आता आणखी काय खायला राहिलीस?"

ती तोंड न पुसताच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं तेच मी मांडलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही."

"आम्ही सांगितलं म्हणून ते खरं झालं का?"

हे बोलून गेल्यावर जाऊबाई स्वतःच चपापल्या. मोजणीबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"मग खरं काय आहे?"

जाऊबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मला तेव्हाच शंका आली होती," मोजणीबाई म्हणाली. "सगळ्या गावाला एकाच वेळी चांगली नोकरी कशी लागेल? पण शंकेवर मला काही लिहिता येत नाही. काकू, ती साहेबांची रेघ आहे ना, ती खोटी नाही. माणसं खरंच कमी झाली. पण माणसं कमी झाली म्हणून गाडी बंद केली, की गाडी बंद केली म्हणून माणसं कमी झाली? रेघ दोन्ही बाजूंनी तशीच दिसते. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. आणि ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही."

"मग आता लिही की. गाडी बंद झाली म्हणून गेली, असं लिही माझ्या पोरीचं."

"मी आता गुपचूप बदललं तर साहेब म्हणतील, गाडी हवी म्हणून फिरवलं. त्यांचाही विश्वास बसायला हवा. त्यांच्यासमोर ज्याचं त्यानं उभं राहून सांगावं लागेल. का गेली, कधी गेली, आता काय करते."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

जाऊबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हा तुझा नवा डाव तर नाही? आमची अब्रू चव्हाट्यावर मांडून घ्यायची आणि गाडी ती नाहीच द्यायची?"

"गाडी मिळेलच असं मी म्हणत नाही," मोजणीबाई म्हणाली. "माझ्या हातात नाही ते."

मला वाटलं, निदान आता तरी बाईनं गोड बोलायचं होतं. पण जाऊबाई त्या उत्तरानं जरा थंड झाल्या. निघताना मला म्हणाल्या, "आश्वासन देत नाही, हे एक बरं आहे हिचं."

बाजारच्या दिवशी शाळेची खोली भरून गेली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. बाहेर वारा पत्र्यावर माती मारत होता. कारभाऱ्यांनी लांबलचक भाषण केलं. गाव किती जुनं, किती मानाचं, गाडी गावाचा श्वास वगैरे. साहेबानं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण कारभारी, तुमची माणसं चांगल्या नोकऱ्यांसाठी गेली असं तुम्हीच सांगितलंत ना? तेव्हा एक आणि आता दुसरं. मी खरं कुठलं धरू?"

कारभारी घाम पुसायला लागले. 

तेवढ्यात जाऊबाई उठल्या. बाकात गुडघा अडकला होता, तो सोडवून उभ्या राहायला त्यांना जरा वेळच लागला.

"माझं खोटं होतं," त्या म्हणाल्या. "माझी पोर ऑफिसात नाही. लोकांची भांडी घासते."

मागून कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. जाऊबाई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा बोलू शकल्या नसत्या, हे मला दिसत होतं.

"बटाट्याच्या शेडमध्ये होती. स्वतःचं कमावत होती, रोज घरी येत होती. गाडी बंद झाली तरी चालत गेली. अंधारात तिच्या मागं माणूस लागला. तिची काही चूक नव्हती. मी तिलाच घरी बसवली. नाही म्हणाली तर मारली, गल्लीत, सगळ्यांसमोर. म्हणून गेली. नोकरीसाठी नाही गेली. माझ्यामुळं गेली, आणि माझ्यावर ती पाळी गाडीमुळं आली. तुम्हाला यातलं जेवढं लिहायचं तेवढं लिहा."

त्या खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

मोजणीबाई फळ्याशी गेली. खडूनं तिनं मधोमध एक उभी रेघ मारली. "ही सकाळची गाडी बंद झाली तो दिवस. रेघेच्या अलीकडं, म्हणजे आधी गेलेले. पलीकडं, नंतर गेलेले." तिनं रेघेच्या पलीकडं एक ठिपका दिला. फळ्यावर तो एकटा ठिपका फार केविलवाणा दिसत होता.

"आणखी कोणी?" साहेबानं विचारलं.

जो तो समोरच्याच्या पाठीकडं बघत होता. मग मागच्या भिंतीपासून एक बारीक आवाज आला.

"आमचा मुलगा पोती उचलतो."

कारभारी सर्रकन वळले. त्यांची बायको उभी होती. उभ्या जन्मात त्या बाईनं चारचौघांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"खाली बस," कारभारी दातांत बोलले.

"बसते. पण व्यापार नाही त्याचा. पाठ गेलीय त्याची पोती उचलून. बाजारगावात दुकानात हिशेबाला होता. वेळेवर पोचेना म्हणून काढून टाकला. गाडी गेल्यावरच गेला तो." आणि मग बसली.

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. एकेक जण उठायला लागला. कोणाची सून, कोणाचा जावई. काही बायका रडल्या, काही चिडून बोलल्या. प्रत्येकाला मोजणीबाई एवढंच विचारायची, "आधी की नंतर?" आणि ठिपका द्यायची. रेघेच्या पलीकडं ठिपक्यांची गर्दी झाली.

लोहाराची पाळी आली. त्याचा धाकटा भाऊ शहरात गेलेला होता. लोहार उभा राहिला, त्यानं फळ्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. शेजारचा त्याला कोपरानं ढोसत होता, नंतर म्हण, नंतर म्हण.

"आधी गेला," लोहार म्हणाला. "गाडी होती तेव्हाच गेला. त्याला घण उचलायचा कंटाळा. गाडीचा काही संबंध नाही."

"काय रे हे!" कारभारी भडकले. "घरभेद्यासारखा काय बोलतोस?"

"खरं बोलायचं म्हणून बसलोय ना आपण? का शेळीवालीनंच तेवढं खरं बोलायचं?"

मोजणीबाईनं रेघेच्या अलीकडं ठिपका दिला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं उठले आणि त्यांनीही आधीच गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आपल्याच हातानं घालवतोय आपण. पण साहेब इतका वेळ खुर्चीत रेलून बसला होता, तो तेव्हा पहिल्यांदा पुढं वाकला. मला पुष्कळ दिवसांनी उमगलं, की सगळेच ठिपके पलीकडं पडले असते तर त्याला तो आमचा संगनमताचा खेळ वाटला असता.

तरी तो म्हणालाच, "हे सगळं तुमच्या सांगण्यावर आहे."

"आधीचंही आमच्या सांगण्यावरच होतं की, साहेब," लोहार म्हणाला. "ते बरं लगेच पटलं."

खोली हसली. साहेबही ओठ दाबून हसला. मग म्हणाला, सकाळची गाडी तो उन्हाळा संपेपर्यंत चालवून बघेल. गाडीत आपला माणूस बसवेल. कोण चढतं, कशासाठी जातं, तो बघेल. माणसं दिसली तर गाडी राहील, नाहीतर दोन्ही गाड्या जातील.

मोजणीबाई दुसऱ्याच दिवशी गेली. जाताना जाऊबाईंना नमस्कार करायला आली. जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं आलीस, असं मी म्हणणार नाही. पण नीट जा." पुढं कळलं की तिला त्या कामावरून काढून कुठल्याशा कचेरीत बसवलं. आमच्यामुळं की कशामुळं, देव जाणे. पुन्हा ती कधी दिसली नाही.

गाडी सुरू झाली, पण पहिल्या आठवड्यात चढायला कोणी नव्हतं. असणार कोण? जाणारी माणसं कधीच निघून गेली होती. खिडक्यांतून वारा खेळत गाडी मोकळीच बाजारगावाला जायची. कारभारी गिरणीवर धावत आले. "असं चालायचं नाही. पाळ्या लावू. रोज प्रत्येक घरातून एकानं बसायचं. बाजारगावाला जायचं, चक्कर मारायची, परत यायचं. गाडी भरलेली दिसली पाहिजे."

काही जणांना ते पटलं. मलाही पटलं, कशाला खोटं सांगू? पण जाऊबाई दळणाचा डबा खाली ठेवून म्हणाल्या, "एकदा खोटं सांगून गाडी घालवली. आता खोटं बसून टिकवणार? काम असेल त्यानं जावं. मी काही फुकट बसणार नाही."

"तुला काय काम आहे बाजारगावात?" कारभाऱ्यांनी कुचकटपणे विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या गाडीत चढल्या. शेळ्या माझ्याकडं सोपवून गेल्या. साहेबाच्या माणसानं विचारलं, कुठं निघालात? तेव्हा म्हणे त्यांनी सांगितलं, "लेकीकडं. तिला माहीत नाही. ती दार उघडेल की नाही ते मला माहीत नाही. काय लिहायचं ते लिही." लोहाराच्या बायकोकडून मिळवलेला पत्ता घेऊन बाजारगावाहून पुढं दुसरी गाडी धरून शहरात गेल्या.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दळणात दळण मिसळलं, बोलणी खाल्ली. संध्याकाळची गाडी आली तेव्हा मी रस्त्यावरच उभी होते. जाऊबाई उतरल्या. एकट्याच. दारातून पाऊल खाली टाकताना त्यांनी गाडीचा दांडा घट्ट धरला होता. मी त्यांच्या मागं बघितलं, आणखी कोणी उतरतंय का. कोणी नाही.

"आली नाही?"

"मी न्यायला गेलेच नव्हते."

वाटेनं चालताना त्यांनी थोडंथोडं सांगितलं. पोर एका मोठ्या इमारतीत कामाला होती. मागच्या दारानं जायचं. तिनं दार फटीपुरतं उघडलं आणि पहिलं विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. मीच आलेय."

"कोणी पाठवलं तुला? काकूनं?"

"कोणी नाही."

"मग काय हवंय?"

जाऊबाई म्हणाल्या, गाडीत बसून मी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, तिथं गेल्यावर एक शब्द आठवेना. मग सरळ सांगून टाकलं. "शाळेत सगळ्या गावासमोर सांगितलं मी. तू काय काम करतेस ते. आणि मी तुला मारलं ते."

पोरीनं विचारलं, "सगळ्यांसमोर? कारभारी होते?"

"होते. साहेबही होता."

"आणि काय म्हणालीस त्यांना?"

"तुझी चूक नव्हती म्हणाले."

पोरीनं आत ये म्हटलं नाही. मालकीण घरात होती. पोर आतून पाण्याचा पेला घेऊन आली आणि दोघी मागच्या पायरीवर बसल्या. फारसं बोलणं झालं नाही. पोरीचे हात साबणानं फाटलेत, असं जाऊबाई दोनदा म्हणाल्या.

"परत येते म्हणाली?" मी विचारलं.

"नाही. आणि मी विचारलं नाही."

शेळ्या माझ्या अंगणात बांधलेल्या होत्या. जाऊबाईंनी त्या सोडल्या, दावी हातात घेतली आणि निघाल्या. फाटकाशी जाऊन थांबल्या. अंगावर वाऱ्याची माती बसत होती, तरी तिथंच उभ्या.

"निघताना एक म्हणाली," त्या म्हणाल्या. "म्हणाली, पुढच्या वेळी दुपारची ये. तेव्हा मालकीण झोपलेली असते."